हद्दीखालचा कोळसा

माझ्या सासऱ्यांचं उभ्या आयुष्यात कुणाशी भांडण झालं नाही. फक्त जर्मनीशी त्यांचं कधी पटलं नाही.

किन्हवलीजवळच्या आमच्या गावात ते चार पंचांपैकी एक होते आणि बांधाचे तंटे त्यांच्याकडे यायचे. भाताच्या दोन खाचरांमधला बांध म्हणजेच हद्द. पेरणीच्या आधी एखादा शेजारी कुदळ घेऊन तो आपल्या बाजूने जरासा कोरतो आणि पलीकडे माती थापतो. पाचसहा वर्षांत त्याचं शेत वाढतं. विचारलं तर म्हणतो, देवाची कृपा. ही कृपा ओळखायला जुन्या लोकांनी एक रीत ठेवली होती. वाटणीच्या वेळी हद्दीच्या दगडाखाली खोल खड्डा करून कोळसा पुरायचा. तो कुजत नाही की उगवत नाही. "दगड सरकतो, कोलसा सरकत नाय," हे मामंजींचं पालुपद होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी ते इतक्यांदा ऐकलं की मला वाटलं, ह्यांच्या घराण्याचा मंत्रच असावा.

मी मुरबाडची, चौथी पास. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला आणि वर्तमानपत्राचं वेड मात्र जात नव्हतं. शहापूरहून दर आठवड्याला कुणाच्या तरी गाडीतून, मिठाच्या पोत्यावर बसून एक पेपर यायचा. तो वाचायचं काम नव्या सुनेकडे आलं. सासऱ्यासमोर बसायची पद्धत नव्हती, म्हणून मी दाराआड उभी राहून, डोक्यावर पदर घेऊन, युरोप वाचायची. नवऱ्याचं नाव घ्यायची मला चोरी होती, पण चेकोस्लोव्हाकिया मी दिवसातून चारदा घ्यायची. सासूबाईंनी एकदा कपाळाला हात लावून विचारलंही, "अगो, हा मेला कोण?"

मामंजी ओटीवर भाताच्या तुसाने नकाशा काढत. देश म्हणजे खाचरं आणि मधे बांध. कुणी काही बळकावलं की ते विचारत, "तिथं कोलसा पुरलेला नाय काय?" पेपरात तसं काही नसायचं. मग ते मान हलवत. "येवडी शिकलेली माणसं, आन् हद्दीखाली कोलसा नाय." इंग्रज सरकार दुसऱ्या देशांच्या हद्दींची काळजी वाहतंय असं मी वाचलं की त्यांना हटकून खोकला यायचा. "वाच, वाच," म्हणायचे, "आपल्या शेतात बसून दुसऱ्याचा बांध मोजतंय, तेवडं सोडून वाच." एकदा कोंबडीने हॉलंड पायाने विस्कटला. पुढे काही महिन्यांनी जर्मनीनेही तेच केलं, तेव्हा मामंजींनी त्या कोंबडीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

दसऱ्याच्या सुमारास बातमी आली, की चार मोठ्या देशांचे कारभारी एकत्र बसले आणि भांडण नको म्हणून त्या चेकोस्लोव्हाकियाचा एक तुकडा त्यांनी जर्मनीला देऊन टाकला. मामंजी पान चघळत होते, ते थांबले.

"ज्याचा बांध, तो कुटं बसला होता?"

"त्याला बैठकीला बोलावलंच नव्हतं, मामंजी."

"चार पंच, आन् ज्याचं शेत तोच नाय?" त्यांनी तोंडातलं पान थुंकून टाकलं. मग म्हणाले, "हा आता उरलेलं पन घेईल बघ."

शिमगा होऊन गेल्यावर त्याने उरलेलंही घेतलं, आणि वर म्हणाला, त्यांना झेपत नव्हतं, आम्ही नीट सांभाळू. ती बातमी वाचली त्याच आठवड्यात आमच्या अंगणात भागीकाकी येऊन उभी राहिली. आमच्या शेजारच्या खाचराची ही मालकीण, नवरा तापाने गेलेला, पदरात एक लहान पोर. ती खाली बघत मामंजींना म्हणाली, "तात्या, माझा बांध चालाया लागलाय."

"कोनाच्या बाजूनं?"

काकीने नुसतं आमच्या खाचराकडे बघितलं. मामंजी समजले. आमचं शेत कसत होते ते आमचे हे.

मामंजी हातात काठी घेऊन शेतात गेले आणि त्यांनी माणसांकडून खणवून घेतलं. कोळसा सापडला. आमच्या शेतात, बांधापासून चांगला दोन हात आत. बांध काकीच्या अंगावर चालत गेला होता आणि कोळसा बिचारा होता तिथेच राहिला होता.

आमचे हे काही कबूल न करता म्हणाले, "ती एकटी बाई. तिला कुटं येवडं झेपतं? पडीक राहाण्यापेक्षा आपन नीट पिकवतो."

"हे मी ऐकलंय," मामंजी म्हणाले. "गेल्या आठवड्यात. पेपरात."

मारुतीच्या देवळासमोर पंच बसले. मामंजी नेहमीच्या जागेवर बसले नाहीत, समोर जमिनीवर मुलाच्या शेजारी बसले. बाकीचे तिघे अवघडले. त्यांतले एक आजोबा समजुतीने म्हणाले, "तात्या, तुमचं घर आमाला परकं काय? ती दोन हाताची पट्टी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, बाईला वर्साला चार पायली भात द्या. मिटवून टाकू."

"तिला विचारलंत?"

"बाईमानसाला काय विचारायचं?"

"तिला बोलवा. नायतर मी उठतो."

काकीला बोलावलं. ती देवळाच्या खांबाला धरून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "भात नको. बांध द्या."

मामंजी म्हणाले, "दिला." आमचे हे तिथून उठले ते थेट घरी आले आणि मला म्हणाले, "वेगली चूल मांड. मला बाप नाय." एकुलता एक मुलगा. आत सासूबाई रडत होत्या आणि मी पीठ मळत होते, ते पाण्याने सैल झालं की माझ्या डोळ्यांनी, कोण जाणे. ह्यांचा मला संताप आला होता. भरल्या गावात मान खाली घालून बसलेले आठवले की वाईटही वाटायचं.

चूल मी मांडली नाही. मांडणार नाही म्हणून तोंडावर सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. बांध मामंजींनी स्वतः रचला. धड दिसत नव्हतं, काकी हाताला धरून जागा दाखवायची आणि ते कुदळ मारायचे. गाव येता-जाता बघत होतं. काम झालं आणि त्यांनी पंचकी सोडली. पुढे दोन वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. "तुझ्या सासऱ्याला सांग," "तुझ्या नवऱ्याला सांग." समोरासमोर दोन पानं आणि मधे मी वकील. युरोपात ह्याला तटस्थ देशाची मध्यस्थी म्हणतात असं मी पेपरात वाचलं होतं, पण तिथल्या वकिलांना वाढायला लागत नसावं.

पेपर मात्र चालू राहिला. मी वाचायला लागले की आमचे हे ओटीच्या दुसऱ्या टोकाला दोर वळत बसायचे. दोर इतका वळला की गावातल्या सगळ्या विहिरींना पुरला असता.

लढाई ऐन भरात असताना एका श्रावणात मामंजी अंथरुणाला खिळले. दिसणं पार गेलं होतं. मला म्हणाले, तुसाचा नकाशा काढ. मी काढला. पोलंड कुठं म्हणाले, मी त्यांचं बोट धरून तिथे ठेवलं. "लढाई सरली का येवडं बघ गो, ह्याचा बांध जाग्यावर आला काय." पेज भरवायला आमचे हे बसले होते. त्यांनी पेजेचा पुढचा घास मामंजींच्या ओठांना लावला. चौथ्या दिवशी मामंजी गेले. खांदा देताना हे ओक्साबोक्शी रडले, आणि भागीकाकी माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "माझा पन बाप गेला गो."

लढाई संपली त्या वर्षी, दिवाळीनंतर कापण्या उरकल्या होत्या, तेव्हा पेपरात नवा नकाशा छापून आला. मी सवयीने दाराशी उभी राहून मनातल्या मनात वाचत होते. ओटीच्या टोकावरून दोर वळता वळता ह्यांनी विचारलं, "त्या पोलंडचा बांध जाग्यावर आला काय गो?"

मी नकाशा दोनदा बघितला. "नाही. एका बाजूने कापलाय आणि दुसऱ्या बाजूला जोडून दिलाय. अख्खं शेतच सरकवलंय."

"म्हंजे कोलसा दुसऱ्याच्या शेतात गेला."

"हो."

ह्यांनी दोराच्या टोकाला गाठ मारली. मग दोर बाजूला ठेवून उठले आणि कोपऱ्यातली कुदळ त्यांनी खांद्यावर घेतली. मी म्हटलं, जेवून तरी जा.

"भागीकाकीच्या बांधाला माती लावून येतो," ते म्हणाले. "आपल्या शेतातली."