इया कुदीच्या माशांची भरपाई

पा लादिपो बोलले की आमची गल्ली ऐकायची. इबादान शहरातल्या दुसऱ्या गल्ल्यांत घरमालकांच्या सभेत खुर्च्या उडतात. आमच्याकडे पा लादिपो नुसता घसा खाकरायचे आणि भांडणारे दोघेही गप्प व्हायचे. सगळा जन्म त्यांनी रेल्वेत काढला होता, स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. गाडी येवो न येवो, हे इस्त्रीच्या गणवेशात फलाटावर उभे, असं त्यांची बायको हसून सांगायची. ती वारली. मुलं कॅनडात. मग घरमालक संघाचं अध्यक्षपद हाच त्यांचा संसार झाला.

त्यांच्या घरासमोर माझं शिवणाचं दुकान, आणि माझ्या भिंतीला लागून इया कुदीचं गोठवलेल्या मासळीचं. थोरल्या लेकीचं नाव कुदीरत, म्हणून ही इया कुदी, कुदीची आई. अंगानं आडवी, आवाजानं त्याहून आडवी. कुणी बांगडा उचलून दाबून बघू लागला की ओरडायची, "ठेव खाली! लग्न करायचंय का त्याच्याशी?" गिऱ्हाईक हसायचं आणि दोन जास्त घेऊन जायचं. दाराबाहेर तिचा जुना जनरेटर दिवसभर धडधडत असायचा. माझ्या शिवलेल्या कपड्यांना त्याच्या धुराचा वास लागायचा, त्यावरून आमचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचं.

मग वीज कंपनीची माणसं आली. म्हणाली, तुमच्या लाइनला वरच्या वर्गात घेतो, बँड ए. दर जवळजवळ तिप्पट, पण दिवसाला वीस तास वीज. गल्लीची संमती हवी. सभा भरली. पा लादिपोंनी नियमाचे कागद आधीच वाचून काढले होते. त्यांनी समजावून सांगितलं, की वीस तास दिले नाहीत तर कंपनीला भरपाई द्यावी लागते, वर त्यासाठी आयोग बसलेला आहे.

"बसलाय ना?" इया कुदी मागून म्हणाली. "उठेल तेव्हा मला हाक मारा."

सगळे हसले. पा लादिपो हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिच्या दुकानात गेले, बाकावर बसले.

"इया कुदी, तुझं कशावर अडलंय?"

"बाबा, माझा जनरेटर धूर ओकतो, पेट्रोल ढोसतो, सगळं खरं. पण रुसला तर मी लाथ घालते आणि तो उठतो. तुमच्या कंपनीला मी लाथ कुठे घालू?"

"लाथ घालायला मी आहे ना! अगं, पेट्रोलमध्ये तुझी निम्मी कमाई जाते. वीज तिप्पट दरानं घेतलीस तरी स्वस्त पडेल. तो खटारा विकून टाक, आणखी एक फ्रीझर घे. काही कमीजास्त झालं तर मी उभा राहीन. लादिपोचा शब्द आहे."

तिनं फ्रीझरचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणून हं, बाबा. कंपनीवर माझा विश्वास नाही."

तिनं जनरेटर विकला. आपल्याकडे असं कुणी करत नाही. विजेच्या भरवशावर जनरेटर विकणं म्हणजे जावयाच्या भरवशावर घर विकणं. पण शब्द पा लादिपोंचा होता.

आणि सुरुवातीला वीज खरंच आली. इतकी आली की पोरांना 'अप नेपा' ओरडायचाच विसर पडला. नेपा ही जुनी वीज कंपनी कधीच बुडाली, पण वीज आली की तिच्या नावानं ओरडायची सवय गल्लीला होती. आता वीज जायचीच नाही तर ओरडणार कधी? रस्ता कसा शांत झाला. इया कुदीच्या दोन्ही फ्रीझरांवर जाड बर्फ धरू लागला. पा लादिपो दारावरून जाताना ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "अध्यक्ष, तुमचे मासे थंडीनं कुडकुडतायत!" ते हात वर करून पुढे जायचे, पण चालीत फरक पडायचा.

मग वीज कमी होऊ लागली. आधी दुपारची गेली, मग संध्याकाळची. ट्रान्सफॉर्मर तापतो, असं कंपनीचं उत्तर. दर मात्र तिपटीचाच राहिला. हरमत्तानचे कोरडे वारे थांबले आणि उकाडा सुरू झाला. रमजान संपत आला होता. सणासाठी इया कुदीनं दोन्ही फ्रीझर गच्च भरून ठेवले, आणि त्याच आठवड्यात वीज गेली ती आलीच नाही. पा लादिपो रोज सकाळी कंपनीच्या कचेरीत जाऊन बसायचे. रोज त्यांना सांगितलं जायचं, "बाबा, आज संध्याकाळी नक्की."

इया कुदीनं भाड्यानं जनरेटर शोधला. सणाच्या तोंडावर रिकामा कोण ठेवतो? बर्फ आणला, तो वाटेतच निम्मा वितळला. शेवटी मागच्या अंगणात लाकडं पेटवून जेवढे मासे धुरावर वाळवता येतील तेवढे वाळवले. मी आणि तिची लेक रात्रीपर्यंत पोटं फाडत होतो. उरलेले पोत्यांत भरून फेकले. पुढे कितीतरी दिवस गल्लीत नाक धरून चालावं लागायचं. पा लादिपो आले तेव्हा ती रिकामा फ्रीझर पुसत होती. तिनं आरडाओरडा केला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पुसत राहिली.

त्या दिवसापासून पा लादिपो पेटले. तक्रार केली, उत्तर नाही म्हणून वर तक्रार केली, घरोघर जाऊन सह्या घेतल्या. अखेर आयोगाच्या तक्रार मंचापुढे सुनावणी लागली. इया कुदी म्हणाली, "मी पण येते. मासे माझे, तोंडही माझंच असू दे."

"तिथं इंग्रजीत बोलावं लागतं," पा लादिपो म्हणाले. "आणि तू चिडतेस. वकिलाला काहीतरी बोलून बसशील. माझ्यावर सोड."

तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. "सोडलं," म्हणाली.

गल्लीतून आम्ही सात-आठ जण गेलो. पा लादिपोंनी मी शिवलेला पांढरा अगबादा, सणासमारंभाचा घोळदार झगा, घातला होता. त्याच्या बाह्या खांद्यावर सावरत ते असे बोलले, की मंचावरच्या बाईंनी लिहिणं थांबवून ऐकलं. कंपनीचा वकील म्हणाला, ही मंडळी पैसे उकळायला आली आहेत. पा लादिपोंना ते झोंबलं.

मंचावरच्या बाई म्हणाल्या, "बाबा, दरातल्या फरकाचं आम्ही पाहू. त्याशिवाय कुणाच्या मालाचं, यंत्राचं नुकसान झालं असेल तर तेही सांगा. इंग्रजी नको असेल तर योरुबात सांगा."

पा लादिपो ताठ उभे राहिले. "मॅडम, आम्ही भिकारी नाही. नियमात जेवढं आहे तेवढंच द्या."

आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. वकिलानं मान खाली घातली. बाईंनी पुढचा कागद ओढला. संपलं. बसमध्ये मी विचारलं, "बाबा, आणि इया कुदीचे मासे?"

निकाल यायला पाऊसकाळ उलटला. तोवर इया कुदीचा धंदा बसला होता. एक फ्रीझर विकून तिनं मालवाल्याची उधारी फेडली, दुसरा विकून दुकानाचं थकलेलं भाडं, आणि ती बहिणीकडे ओगबोमोशोला निघून गेली. दुकान एका तरुणानं घेतलं, फुटबॉलवर पैजा लावायचं. मग एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर आकडे आले. ते मीटरमध्ये घातले की भरपाईची वीज जमा. घराघरातून मीटरचे टिक-टिक आवाज, आणि रस्त्यावर नाच. पा लादिपो मात्र तडक त्या पैजेच्या दुकानात शिरले.

"या मीटरची भरपाई इया कुदीची आहे."

"बाबा, मीटर भिंतीवर आहे, भिंत मी भाड्यानं घेतलीय," तरुण म्हणाला. उर्मट नव्हता तो. "विजेला आडनाव असतं का?"

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही दोघं ओगबोमोशोला गेलो. इया कुदी चौकात लाकडाच्या चुलीवर आकारा, वाटलेल्या चवळीचे वडे, तळत होती. वाळली होती. मला पाहून ओरडली, "मोरेनिके! अजून उसवतेस की शिवतेस?" मग तिला मागे उभे असलेले पा लादिपो दिसले. तिनं स्टूल पुढे केलं, कागदात गरम आकारा बांधून त्यांच्या हातात दिले.

"ऐकलं मी. जिंकलात म्हणे. अभिनंदन, बाबा."

ते आकारा हातात धरून बसले. तिनं झारा उचलला.

"माझ्या माशांचं सांगितलंत ना तिथं?"

मला वाटलं ते म्हणतील, नियमात बसत नाही, किंवा त्यांनी मानलं नाही. कुणी पडताळणार नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "बाईंनी विचारलं होतं. मी म्हटलं, आम्ही भिकारी नाही."

तेल तडतडत होतं. तिनं चार आकारा काढले, चार सोडले.

"मी आले असते तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "मला भिकारीण म्हटलं असतं तर म्हणू दिलं असतं."

त्यांनी तिला परत चल म्हणून विनवलं. माझी पुढची खोली रिकामी आहे, भाडं नको, असं म्हणाले. ती म्हणाली, गिऱ्हाईक दुसरीकडे लागलं बाबा, आणि इथं निदान माल रोजचा रोज संपतो. मग एक बाई सुटे मागायला आली आणि ती तिच्याशी बोलू लागली.

पा लादिपो मंचाकडे परत गेले, एकटेच. माशांसाठी वेगळी तक्रार घ्या म्हणाले. त्याच बाई होत्या. त्यांनी ओळखलं, पाणी दिलं. "बाबा, मी मुद्दाम विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "आता ते प्रकरण बंद झालं."

वर्षाच्या शेवटी गल्लीनं त्यांचा सत्कार ठरवला. नवी टोपी आणली, कोंबडी आणि जोलोफ भात केला. त्यांनी टोपी घातली नाही. उभे राहून सुनावणीत काय झालं ते सगळं सांगितलं, आणि अध्यक्षपद सोडतो म्हणाले. थोडी चुळबुळ झाली. कुणीतरी म्हणालं, "अहो बाबा, सोडा ना आता. तुमच्यामुळेच तर वीज आली!" मग बोअरवेलच्या पंपाचा विषय निघाला.

वीज आता बरी असते. बकरी ईदच्या आधी पा लादिपो ओगबोमोशोच्या बसमध्ये बसतात, इया कुदीच्या घरी तेलाचा डबा आणि तांदूळ पोचवून येतात. ती घेते, त्यांच्या कॅनडातल्या नातवंडांची चौकशी करते, बससाठी आकारा बांधून देते. एकदा मी विचारलं, काय बोललात? म्हणाले, "हवापाणी." बसायला सांगते का? तर म्हणाले, "स्टूल देते." आणि ती? "ती उभीच असते."