चालू मशीनमधली डिस्क

नागपूरच्या पूर्वेला, हिंदी मुलखातल्या रसमड्याच्या एका कारखान्यात मी डेटा एन्ट्रीला लागले, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं. आत एसी इतका की मे महिन्यातही आम्ही तिघी मुली स्वेटर घालून बसायचो. कोपऱ्यात कपडे धुण्याच्या मशीनएवढं एक यंत्र होतं. त्यात परातीएवढ्या तबकड्यांची चळत फिरायची, तीच आमची डिस्क. कॉम्प्युटर चालू ठेवून ती काढायची आणि दुसरी बसवायची, हे काम एकट्या दादांचं. दादा आमचे सीनियर, वर्ध्याकडचे, पन्नाशीला आलेले.

त्यांनीच आम्हाला समजावलं होतं. आपण टाइप केलेलं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, लगेच डिस्कवर लिहीत नाही. थोडं स्वतःजवळ ठेवतं, सवडीनं उतरवतं. म्हणून डिस्क काढण्याआधी तसा हुकूम टाइप करायचा. मग मशीन हातातलं सगळं लिहून टाकतं आणि त्या डिस्कचा नाद सोडतं.

त्या दुपारी मॅनेजरसाहेबांना स्टोअरचे जुने आकडे तातडीनं हवे होते. ते दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे आमच्या एकुलत्या एक नकलेवर होते. साहेब डोक्यावर उभे. दादांनी घाईत डिस्कचं यंत्र थांबवलं, डिस्क उचलली, नक्कल बसवली. हुकूम द्यायचा राहिला. मशीनला वाटलं, आधीचीच डिस्क आहे. त्यानं हातातलं उरलेलं सगळं नकलेवर लिहिलं. काढलेली अर्धवट राहिली, नक्कल बिघडली. दोन्ही गेल्या.

थोड्या वेळापूर्वीच लाइट फडफडले होते. साहेब म्हणाले, "बिजली की वजह से हुआ होगा."

आम्हीही तेच धरून चाललो होतो. पण दादा उभे राहिले. "नहीं साहब. मैंने हुकुम दिए बिना डिस्क निकाली."

साहेब हळूच म्हणाले, "तो बोलने की क्या ज़रूरत थी?"

स्टोअरमधल्या मालाच्या नोंदींची सगळी कार्डं पुन्हा टाइप करायची ठरली आणि आमच्या रजा रद्द झाल्या. त्याच रविवारी नागपूरला माझ्या धाकट्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. आई-बाबा गेले, मी कार्डं टाइप करत बसले. दादांचा मला फार राग आला. ते गप्प राहिले असते तर विजेला शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. आता शिव्या द्यायला समोर माणूस होता, आणि तो दिवसभर आमच्या शेजारी बसून दोन बोटांनी टाइप करत होता.

आई-बाबा परतल्यावर एका संध्याकाळी दादा टाउनशिपमधल्या सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरवर आले. दारातच उभे.

"बसा ना भाऊ, कावून उभे राहून राहिले?" आई म्हणाली.

"वहिनी, माह्यामुळे पोरीचं साक्षगंधाले येणं झालं नाही."

"अवो, चूक कोणाच्या हातून होत नाही? तुमी सांगितलं, लपवलं नाही."

"सांगून काय झालं? गेलेलं थोडीच आलं."

मी चहा नेऊन दिला. त्यांनी कप घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. माझा राग तिथेच विरला. त्याच्या जागी जे आलं ते रागाहून जड होतं.

कार्डं संपली, तेव्हा दादांनी साहेबांना सांगून टाकलं की यापुढे ते डिस्कला हात लावणार नाहीत. मलाच शिकवायला लागले. "आंधी हुकूम. मंग वाट पाह्य. मंग हात." मी शिकले. पुढे त्याच कामावर मला ऑपरेटरची जागा मिळाली, पगार वाढला. दादा मात्र टाइपिंगच्या टेबलावरच राहिले. मी पेढे नेले तर त्यांनीच ते सगळ्यांना वाटले, "आमची पोरगी" म्हणून. त्यांच्या चुकीनं माझं भलं झालं होतं, आणि हे त्या खोलीत कोणीच बोलत नव्हतं. दुपारी डबा खायला मी मुद्दाम त्यांच्यापासून दूर बसू लागले.

शेवटी एकदा मला राहवलं नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "दादा, आज तुमीच बदला ना."

"मी कावून?"

"मी उभी आहो ना बाजूले."

ते उठले. त्यांनी हुकूम टाइप केला. मशीननं मानला. खात्रीसाठी त्यांनी पुन्हा तोच टाइप केला. अशी डिस्क लावलेलीच नाही, असं पडद्यावर आलं; म्हणजे मशीननं तिचा नाद सोडला होता. दादांनी ते वाचलं, यंत्र थांबवलं, तबकड्या फिरायच्या थांबेपर्यंत वाट पाहिली. मग वरचं झाकण उघडलं आणि त्यांचा हात तिथेच अडला.

"तूच काढ, पोरी," ते म्हणाले.

मी डिस्क उचलली. दादा बाजूला झाले आणि तिच्यावर घालायचं प्लास्टिकचं झाकण दोन्ही हातांनी धरून माझी वाट बघत उभे राहिले.