सौद्याच्या पानावरची पट्टी

कनेरगाव नाक्याची नाहिद नेमकं काय काम करते, हे तिच्या अब्बांना, चाँद पाशांना, कधी कुणाला धड सांगता आलं नाही. "मोबाईलमधलं हाये," एवढं बोलून ते कौतुकानं हसत. हिंगोलीला हळद नेणाऱ्या बऱ्याच शेतकऱ्यांच्या फोनमध्ये तिचं ॲप होतं. वरच्या पट्टीत बाजाराचा चालू भाव, खाली माल घेणारे व्यापारी. खरेदीची बाजू तिचा मावसभाऊ फहीम बघायचा.

माल विकायचं, म्हणजे सौद्याचं पान उघडताना ती पट्टी झटक्यात गायब व्हायची आणि खालचं सगळं धाडकन वर उडी मारायचं. माणूस दाबायला जायचा एक आणि बोट पडायचं भलत्याच बटणावर. फहीम म्हणाला, "पट्टी तिथं नकोच, जागा खाते. पण अशी सरकव, की गेलेली कळू नये."

यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नाही. लहानपणी ज्यानं सायकलवर बसवून शाळेत सोडलं, त्याच्यावर कोण संशय घेतो! बाई इरेला पेटली. पान आत येईल त्याच चालीनं पट्टी वर जावी, मागे फिरलं की तशीच खाली यावी, यासाठी तिनं जीव काढला. अब्बांच्या जुनाट फोनवरसुद्धा पट्टी अलगद सरकली, तेव्हा तिनं टाळ्या पिटल्या.

मग अब्बांनी त्याच ॲपवर आपली हळद विकली आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून तोंड पाडून आले. भाव तर कालच, त्यांनी विकण्याआधी, चढला होता.

"अब्बा, भाव वरच्या पट्टीत असतो की!" नाहिद म्हणाली.

"सकाळी पाहिला व्हता. इकताना कुठं दिसून राहिला?"

तिनं फोन उघडला. सौद्याच्या पानावर फक्त व्यापाऱ्याचा आकडा होता, आणि व्यापारी सगळे फहीमचे दोस्त. तिनं त्याला फोन लावला.

"काहून चिडून राहिली?" फहीम थंडपणे म्हणाला. "भाव समोर दिसला तर आपल्याला माल कोण देईल? तुला खरं सांगितलं असतं, तर तू केलं असतं का?"

नाहिदच्या अंगाचा तिळपापड झाला. नालायकानं फसवलं ते फसवलं, वर तिच्याच हातून इतकं देखणं काम करून घेतलं. पट्टी परत आणायला बसली, तर फहीमनं पासवर्ड बदललेला.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. "बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतेत," ते म्हणाले. "लोकांपासून लपवतेत, पर इकणाऱ्यापासून न्हाई."

मग म्हणाले, "शेजारच्या नेमसिंगनं बी हळद इकली. मला इचारायला आला व्हता. म्या म्हनलं, आपल्या पोरीचं हाये, बिनघोर इक."

नाहिदनं चपला घातल्या. नेमसिंगकाकांना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तिला सांगायचं होतं.

"थांब, मी येतो संगं," अब्बा म्हणाले. पण ते उठले नाहीत.