गुरुसंगप्पाच्या कार्डातली बसलेली माणसं

आमच्या होसगुंडीत गुरुसंगप्पानं ज्याचा फोटो काढला नाही, असं माणूस सापडायचं नाही. काहींचा लग्नात काढला, काहींचा मेल्यावर, पुष्कळांचा दोन्ही वेळा. आमच्यात मेलेल्याला निजवत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात, विभूती लावतात, पटका बांधतात, आणि घरची माणसं दोन्ही अंगांना बसली की गुरुसंगप्पाला हाक जाते. तो चपला उंबऱ्याबाहेर काढतो आणि जित्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणतो, "यजमान, जरा इकडं." माझ्या वडिलांनाही तो असंच म्हणाला होता.

गेल्या वैशाखात एका घरी हळदीचे फोटो टीव्हीवर लावले, तर मधेच कुणाचा तरी म्हातारा पटका बांधून बसलेला निघाला. नवरीच्या आईनं हातातलं ताट टाकलं. तेव्हापासून गुरुसंगप्पानं अल्बमवाल्या चिदानंदला बजावलं, "मयतीचे फोटो कुणाला म्हणून दिसू नयेत, असं काहीतरी कर." चिदानंद दर खेपेला कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन जुन्या-नव्या सगळ्या मयतींचं काहीतरी करी. काय करी, ते यानं कधी विचारलं नाही.

मुदकप्पा गेला त्याच्या दहाव्या दिवशी त्याची बायको ईरव्वा फोटो न्यायला आली. "अण्णा, उद्या अकराव्याची गणाराधना. भिंतीला खिळा मारून झालाय."

जिवंतपणी मुदकप्पा कॅमेऱ्यासमोर कधी उभा राहिला नव्हता. मेल्यावर बसवून काढला, तोच त्याचा एकुलता एक फोटो.

गुरुसंगप्पानं कॅमेरा चालू केला. लग्न. मागं गेला, लग्न. अजून मागं गेला, तर पुन्हा पहिलीच नवरी. फोटो सगळे मिळून दोनशे, आणि कार्डात जागा उरली अकरांची. मग एवढं पोतं भरलंय कशानं? त्यानं कार्ड काढलं, धोतराला पुसलं, परत घातलं. पुन्हा नवरीच.

"मी पण बसले होते की त्यांच्या शेजारी," ईरव्वा म्हणाली. "मी कुठं गेले?"

गुरुसंगप्पानं चिदानंदला फोन लावला. चिदानंद उज्जयिनीला देवाला गेलेला, फोन बंद.

आतून गुरुसंगप्पाची बायको नीलव्वा म्हणाली, "कुणाला दिसू नयेत म्हणाला होतात ना? तुम्ही कुणात येत नाही होय?"

गुरुसंगप्पा कार्ड मुठीत धरून झेरॉक्सवाल्या सुवर्णाकडं गेला, मागोमाग ईरव्वा. तिथल्या बाकावर माझी बैठक नेहमीचीच. तिनं ते कॉम्प्युटरला लावलं. तिथंही लग्नच.

"मामा, रिकामी जागा नाही म्हणतंय, अन् दिसत तर काही नाही."

"मग आहे का नाही, ते एक सांग!"

"थांबा हो." तिनं वरच्या पट्टीत कुठंतरी जाऊन, लपवलेलं दाखव, अशा अर्थाच्या चौकोनात खूण केली. लग्नाच्या फोल्डरशेजारी आणखी एक फोल्डर उमटलं. फिकट, पातळ पदराआडून दिसावं तसं. तिनं ते उघडलं.

एकामागून एक माणसं बसलेली. पाटलाची आई. शाळेचे मास्तर. गावची सहा वर्षं पटके बांधून आणि पदर घेऊन बसली होती. शेवटी मुदकप्पा, आणि त्याच्या शेजारी ईरव्वा.

"हे इथंच होते?" गुरुसंगप्पानं विचारलं.

"इथंच."

"मग दिसत का नव्हते?"

"लपवले होते म्हणून."

"लपवले म्हणजे नेले कुठं?"

"कुठं नाही हो मामा! जाग्यावरच."

त्यानं मान हलवली, पण समजलं नव्हतं हे मला बाकावरून दिसत होतं. आजही समजलेलं नाही. फोटो मात्र छापून निघाला. कार्ड काढताना सुवर्णानं विचारलं, "पुन्हा लपवू का?"

गुरुसंगप्पानं पडद्याकडं बघत कार्डासाठी हात पुढं केला.

"राहू दे," म्हणाला. "लग्नाला दुसरं कार्ड घेतो."

ईरव्वानं फोटो दोन्ही हातांनी घेतला. आधी नवऱ्याला बघितलं, मग स्वतःला.

"माझा पदर जरा सरकलाय की," म्हणाली, आणि तिथंच उभ्यानं अंगावरचा पदर नीट केला.