लाल ठिपक्याच्या जागी

जत तालुक्यातल्या माळावर मेंढरं राखणाऱ्या एक आजी आहेत. त्यांनी मला सांभाळून घेतलं, म्हणून मी अजून सांगलीत आहे. नाहीतर कवाच गावाकडची, भंडाऱ्याची गाडी धरावी लागली असती. त्यांचं नाव मी विचारलं नाही. वेळच तशी नव्हती.

माझी शाळा आठवीतच सुटली. काम करते ते धुराचं. राज्यात कुठला धूर कशापासून निघतो, याची नोंद सरकार ठेवतं. जमिनीवर आग दिसली की उपग्रहामुळे नकाशावर लाल ठिपका उमटतो. पण काय जळलं ते उपग्रहाला कळत नाही. ते बघायला आमच्यासारखी ठेक्यावरची माणसं स्कूटीवरून हिंडतात. जागा शोधायची, राख बघायची, फोटो काढायचा आणि कारण निवडायचं. उसाचं पाचट, कचरा, वीटभट्टी, नाहीतर इतर.

त्या आठवड्यात मला दोन जागा सापडल्या नव्हत्या. ठेकेदाराचे साहेब म्हणाले, "अजून एक हुकली तर गावाकडं जायाचं बघ."

पुढचा ठिपका त्या माळावरचा निघाला. आसपास ऊस नाही, भट्टी नाही. जळायला होतं काय इथं? मग एका शेताच्या बांधावर काळं पडलेलं गवत दिसलं आणि त्याच्या आत राखेचा ढीग. मला इतकं हायसं वाटलं की मी हसले. ते हसू मला आठवलं की अजून अंगावर काटा येतो. नेहमीसारखी राख उकरून खालचं बघायला काठी पुढं केली.

"ए बाई! काठी टाक खाली!"

डोकं भादरलेला, लष्करी पँटमधला एक माणूस धावत येत होता. "बाप हाय त्यो माझा! अजून सावडायचं हाय!"

काठी हातातून गळाली. मागून त्याची आई सावकाश आली. "वरडू नगंस रं. तिला काय ठावं?" मग माझ्याकडं वळून, "कुठली गं तू?"

मी एका दमात सगळं सांगितलं. ठिपका, साहेब, जाणारं काम. वारा सुटला आणि चितेच्या ठिणग्यांनी बांध पेटला, असं त्यांच्याकडून कळलं. मुलगा म्हणाला, "आभाळातनं बघत्यात व्हय आमच्या म्हाताऱ्याला? आजारी हुता तवा तर कोण फिरकलं न्हाई."

मी स्कूटीकडं वळले. काम गेलंच होतं.

"थांब. काढ तुजा फोटू," आजी म्हणाल्या.

"आये!"

"गप. लेकराचं काम जाईल. त्यो असता तर त्योच म्हणला असता." आपण फोटोत येऊ नये म्हणून त्या पदर सावरून बाजूला सरकल्या. पहिला फोटो हलला, दुसरा काढला. आजींनी विचारलं, "आला का नीट?"

मी मान हलवली.

मी 'इतर' निवडलं. साहेबांनी फोटो मोठा करून बघितला. "लाकूडच दिसतंय. सापडला एकदाचा," म्हणाले, आणि माझं काम राहिलं.

नवा नकाशा आला की माझी नजर आधी त्या माळावर जाते. तिथं आता काहीच उमटत नाही. तरी कुठल्याही राखेपाशी फोन वर धरला की मागून कोणीतरी विचारतं, आला का नीट? मी वळून बघते. दरवेळी बघते.

त्या दिवशी मी निघताना वाड्यात कोंडलेली मेंढरं ओरडत होती. आजी म्हणाल्या, "ह्यांच्या मागं जाणारा गेला. पोराची सुट्टी सरली की मीच." आजी, मला मेंढरं वळता येत नाहीत. पण एकदा मोठी रजा काढून, फोन खोलीवर ठेवून मी तुमच्याकडं येणार आहे. शिकवा मला. मग थोडे दिवस मेंढरांमागं मी चालेन, तुम्ही सावलीला बसून राहा.