ओठापासून एक बोट अलीकडे

रिक्षावाल्याने क्लच झटकन सोडला की गजाकाका म्हात्रे तिथेच उतरायचे, मग घर कितीही लांब असो. "मालालासुद्धा मी कधी असा हिसका दिला न्हाय," असं त्याला सुनावून चालू लागायचे. न्हावा शेव्याच्या बंदरात त्यांनी हयातभर क्रेन चालवली होती. आधी दोर ताणून घ्यायचा, बोजा हलकेच सुटू द्यायचा, मग वेग, आणि टेकवण्याआधी पुन्हा हळू. ही त्यांची रीत.

उरणला मी तंत्रनिकेतनात शिकवतो. एक दिवस ते प्रयोगशाळेत आले आणि टेबलावर एक छोटी सर्वो मोटर आणि स्टीलचा चमचा ठेवला. त्यांच्या बायकोला, काशीकाकूंना, कंपवात झाला होता. पेज तोंडापर्यंत पोचत नसे, आणि सुनेकडून भरवून घ्यायला त्या तयार नव्हत्या. "मी काय पोर हाय?" म्हणत ताट सरकवायच्या. दोन महिन्यांत निम्म्या झाल्या होत्या. काकांना काकूंना घास भरवणारा यंत्राचा हात हवा होता.

मोटरला दांडी आणि चमचा जोडून मी हात बनवला. पण सर्वोला कोन सांगितला की ती पूर्ण जोरात तिकडे उडी मारते. पहिला घास भिंतीवर गेला. मग मी ती एकेक अंश, मध्ये थांबत थांबत चालवली. रिकामा चमचा छान हलला. काकांनी तो काठोकाठ भरला, तर पेज सुटतानाही सांडली आणि थांबतानाही.

"मास्तर, हळू म्हणजे मऊ न्हाय," ते चिडून म्हणाले.

क्रेनवाल्याने मला प्रोग्राम शिकवायचा? मला राग आला. म्हातारा बरोबर आहे हे कळल्यावर तर जास्तच आला. मी सुरुवातीचे थांबे लांब केले, मधले कमी केले, शेवटी परत लांब केले. भरला चमचा न सांडता वर आला. त्या दिवशी काकूंनी वाटीभर पेज खाल्ली.

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण कॉलेजात प्रदर्शन होतं, म्हणून तो हात काकांकडून एका दिवसापुरता मागून आणला. पाहुणे म्हणून आलेले कुठल्याशा कारखान्याचे साहेब घड्याळ बघत म्हणाले, "फारच स्लो आहे हो." समोर कोण बसणार, पेज किती गरम, एका शब्दाने विचारलं नाही. शेजारच्या चेंडू फेकणाऱ्या यंत्राला मात्र टाळ्या. आणि मी काय केलं? लाचारासारखे सगळे थांबे काढून टाकले. रिकामा चमचा सपकन वर गेला, साहेब खूश झाले. संध्याकाळी हात तसाच परत पोचवला. त्या माणसाचा मला अजून संताप येतो, पण जुना प्रोग्राम टाकायला विसरलो मी.

चमचा काकूंच्या दातांवर आदळला. ओठ फुटला.

दुसऱ्या दिवशी काका तो हात आणि पेजेचा डबा घेऊन प्रयोगशाळेत आले. "बस. हात मांडीखाली घे." मी बसलो. त्यांनी बटण दाबलं. स्टील दातांवर वाजलं, गरम पेज नाकात गेली. काका हसले नाहीत.

"काल तिनं परत ताट सरकवलं," एवढंच बोलले.

प्रोग्राम मी तिथल्या तिथे दुरुस्त केला. या वेळी त्यांची एक अट होती. चमचा ओठापासून एक बोट अलीकडे थांबला पाहिजे.

"मग पोचायचा कसा?" मी विचारलं.

"ती वाकंल. घास तिनं घ्यायचा, यंत्रानं द्यायचा न्हाय."

तीन दिवस काकू त्या हातासमोर फिरकल्या नाहीत. चौथ्या दिवशी काकांनी त्यांच्या देखत आधी स्वतः दहा घास खाल्ले, तेव्हा बसल्या.

गेल्या वर्षी काका गेले. बाराव्याला मी गेलो, तेव्हा पाहुण्यांनी भरलेल्या घरात काकू कोपऱ्यात त्या हातासमोर जेवायला बसत होत्या. सून जवळ जाऊन म्हणाली, "आई, आज तरी मी भरवते."

काकूंनी थरथरत्या हाताने बटण दाबलं. चमचा हलकेच सुटला, वर आला, ओठापासून एक बोट अलीकडे थांबला. काकू वाकल्या आणि घास त्यांनी घेतला.