थैली कमरेच्या खाली

डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात दाबला आणि म्हणाल्या, "बाबा, प्रोस्टेट वाढली आहे."

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या लघवीच्या नळीभोवतीची ग्रंथी. उतारवयात ती फुगते आणि नळी आवळते. लघवी आत तुंबते, फार भरली की आपोआप गळते. रक्तात क्रिएटिनिनही वाढलं होतं, म्हणजे किडनीला घाण बाहेर टाकणं जमत नव्हतं. "अंगावर काढलं तर किडनी जाईल," बाई म्हणाल्या.

मी खाली पाहत बसलो. किडनीचं काही नाही, बाईमाणसापुढे धोतर सोडायची पाळी आली याचीच लाज वाटून राहिली होती.

मी गोंदियाकडच्या एकोडी गावचा. शाळा चौथीपर्यंत. सारा जन्म धानात गेला. हे दुखणं घरात कोणाला सांगत नाहीत अशा माझ्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी हे लिहून राहिलो.

त्याच्या आदल्या साली धानाच्या रोवणीच्या दिवसांत मला घडीघडी लघवी लागायची. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, रोवणाऱ्या बाया, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी एकटा पुरुष, आडोसा कुठं नाही. म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नव्हतो. बाया पाण्याची गुंडी पुढे करायच्या, मी म्हणायचो, चहा झाला आहे. "आजाले यंदा चहावरच धान पिकवाचं आहे," असं म्हणून त्या हसायच्या. पाणी तोडल्यानं रोग आणखी वाढला, हे नंतर कळलं. अंथरूण ओलं व्हायला लागलं तेव्हा खाट गोठ्यात नेली. घरी सांगितलं, बैलांवर लक्ष ठेवतो. खरं म्हणजे बैलांच्या मुताच्या वासात माझा वास लपत होता.

शेवटी बाईंच्या ज्या दवाखान्यात गेलो तो आसपासच्या गावांनी श्रमदान करून उभा केलेला. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून बाई तिथंच आहेत. मधे किती डॉक्टर आले आणि नागपूरला निघून गेले. बाई नुसतं तपासत नाहीत, विचारत बसतात. कुठं झोपता, जेवायला सोबत कोण असते, रात्री उठले तर उजेड आहे का. मला राग आला. म्हटलं, लघवीचं औषध द्या, माझ्या झोपण्याशी तुम्हाला काय करायचं आहे?

बाई म्हणाल्या, "लघवी एकटी चालत आली का दवाखान्यात? तुम्हीच घेऊन आले ना तिला?"

तरी गोठ्याचं मी सांगितलं नाही.

मग भरती करून कॅथेटर लावला. म्हणजे लघवीच्या वाटेनं आत घातलेली नळी, आणि तिला खाली थैली. किडनी सावरली की ऑपरेशन करू म्हणाल्या. थैली कशी रिकामी करायची, नळी कशी स्वच्छ ठेवायची हे शिकवायला त्यांनी माझ्या सुनेला आत बोलावलं. म्हातारी वारली, मुलगा नागपूरला कंपनीत, घरी सून सुनीताच. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेते, बोलायचं ते दाराआडून बोलते. मी सगळ्या वॉर्डासमोर तिच्यावर ओरडलो, "तुहं इथं काय काम? बाहेर हो." ती गेली. बाईंनी मलाच सारं समजावलं, थैली कमरेच्या खाली ठेवा असं दोनदा सांगितलं. माझं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर एकच चिंता, लोंबती थैली गावानं पाहिली तर? मी ती बंडीच्या आत पोटाशी बांधली, वरून दुपट्टा घेतला आणि चौकात ताठ बसायला लागलो. काही दिवसांतच थंडी वाजून ताप भरला. दवाखान्याची तारीख चुकवली. सुनीतानं मला न विचारता दवाखान्यात फोन लावला. दुपारी ओपीडी आटोपून बाई स्वतः गाडीवर आल्या, सरळ गोठ्यात. बैलांकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, अन् खाटेवर बसल्या.

"बंडी वर करा," म्हणाल्या. मी करीना. त्यांनीच दुपट्टा बाजूला केला. रागावल्या नाहीत.

"बाबा, तुम्ही धानवाले. खालच्या बांधीचं पाणी वरच्या बांधीत चढते का?"

थैली वर बांधली की लघवी उलटी आत जाते आणि किडनीपर्यंत इन्फेक्शन, म्हणजे जंतूंचा संसर्ग, होतो. मला तेच झालं होतं. मी म्हटलं, "काय करू मॅडम? अंथरूण ओलं होते हेही घरात कोणाले माहीत नाही."

दारातून सुनीता बोलली. "मले माहीत आहे मामाजी. सालभर तुमचं धोतर कोण धुते?"

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. सालभर ती माझी अंथरुणं वाळवत होती, आणि माझा मान राहावा म्हणून तोंडातून शब्द काढत नव्हती. तिलाच मी वॉर्डातून हाकललं होतं. बाई माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. एवढ्या वेळात त्यांचे पाच पेशंट झाले असते.

पुन्हा भरती झालो, इंजेक्शनं घेतली. किडनी सावरल्यावर ऑपरेशन झालं. त्याला टीयूआरपी म्हणतात. पोट फाडत नाहीत, लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून वाढलेला भाग खरडतात. ज्यांना भीती वाटते त्यांनी भिऊ नये. बाईंचे उपकार फिटणारे नाहीत. त्यांनी किडनी वाचवली, आणि त्या घरी आल्या म्हणून सुनेला सारं माहीत आहे हे तिच्या तोंडून मला ऐकायला मिळालं. लाज अजून जात नाही.

कॅथेटर काढला त्या दिवशी मोजायला एक मग दिला होता. लघवी किती झाली ते सांगायचं आणि सुनीतानं लिहून घ्यायचं, असं बाईंनी ठरवलं. मी संडासात, ती दाराबाहेर. धार सुटली, कितीतरी महिन्यांनी अशी मोकळी. मी आकडा सांगितला, पण आवाज बारीक निघाला.

"आयकू नाही आलं मामाजी," सुनीता म्हणाली.

मग मी मोठ्यानं सांगितलं.